फळ्याचा डावा कोपरा

केशरबाईंच्या घरी चहा कोराच मिळतो.

*

हिवरदऱ्याच्या बंद पडलेल्या दूध संस्थेत एक काळा फळा आहे. ओल्या फडक्यानं कितीही पुसला, तरी त्याचा डावीकडचा खालचा कोपरा पांढरटच राहतो.

*

सोमवारी दुपारी विरुपाक्षअप्पा शेटे धारूरचं आपलं किराणा दुकान उघडं टाकून घरात आले. मुलगी जेवत होती. ते उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “जेवलीस का?” ताट तिच्यासमोर होतं, घास हातात होता. ते परत दुकानात गेले.

*

जनावराला ऊस घालायचा तर कुट्टी करून घालावा. आख्खी कांडी चावता चावता जनावराची जीभ सोलते.

*

शेट्यांच्या दुकानासमोर निळी मोटरसायकल उभी होती. आधीचे दोन बुधवार, आणि हा रविवार.

*

“बापावर रचलेलं गाणं वाजवतीस, अन् वरून टाळ्या घेतीस व्हय गं?” सुंदरबाई आत्या लग्नाच्या पंगतीत म्हणाल्या, आणि वाढप्याला म्हणाल्या, “जिलबी नको रे बाबा, शुगर हाय मला.”

*

हे तुकडे गंगासागर शेटेनं आठवडाभर मनात घोळवले. सरळ लावून बघितले, उलटे लावून बघितले. उसाचा तेवढा कुठंच बसेना. दर वेळी एकच चित्र तयार झालं, आणि त्या चित्रात निळ्या मोटरसायकलवाला शहादेव ओव्हाळ होता. तो तिच्यापासून तीन फुटांवर उभा राहून गाणं म्हणत होता आणि गाण्यात तिच्या बापाला उघडं पाडत होता. आणि ती? ती मागं बसून त्याला ठेका देत होती.

आता ठेक्याचं सांगायचं तर बँडचं सांगावं लागेल.

हिवरदरा हे धारूरच्या घाटाखालचं गाव. तिथल्या दूध संस्थेच्या मागच्या खोलीवर ‘शीतकरण कक्ष’ अशी निळी पाटी होती. दूध गार करायची टाकी तिथं असायची. टाकी कुणीतरी उचलून नेली, भिंतींतलं थर्माकोल तेवढं राहिलं. दार लावलं की आत ड्रम फुटेस्तोवर बडवला तरी बाहेर कुणाची झोप मोडत नाही. तीन वर्षांपूर्वी तिघांनी ही खोली धरली. पाटी काढायचा कंटाळा केला, म्हणून बँडचं नाव ‘शीतकरण’ पडलं. धारूर तालुक्यातला हा पहिला रॉक बँड. दुसरा अजून निघालेला नाही.

शहादेव गातो, गिटार वाजवतो, गाणी लिहितो. एरवी माजलगावच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो. सर्जेराव बास वाजवतो आणि धारूरच्या बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. गंगासागर ड्रमवर. ती बँकेच्या परीक्षा देते, म्हणजे देतच असते.

त्यांचं एक गाणं चाललं. ‘सांडलं’. गावाकडच्या पोरांपासून पुण्याच्या कॉलेजांपर्यंत सगळीकडं:

सांडलं ते सांडलं, मातीनं पिलं
मातीला विचारा, पाणी किती होतं

लोकांना ते दुष्काळाचं गाणं वाटायचं. गंगासागरलाही तीन वर्षं तसंच वाटलं होतं. शहादेवला विचारलं की तो म्हणायचा, “गाण्याला गोष्ट न्हाई. असती तर गोष्टच लिहिली असती.”

आणि आत्या सांगत होत्या की गोष्ट आहे.

“तेरा सालचा दुष्काळ. तू अंबाजोगाईला होतीस मामाकडं, दहावीला. तवा दुकान न्हवतं, तुझा बाप संस्थेत दूध तपासायला. त्या शहादेवाच्या आईनं दुधात पाणी घातलं, तुझ्या बापानं धरलं, अन् नियमापरमाणं सगळ्यांदेखत पायरीवर ओतलं. झालं. त्याचा राग पोरानं असा काढला. अन् तू डफडं बडवतीस!”

बापाला सरळ विचारणं हा एक मार्ग होता. पण विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की ते घेऊन कुठं जायचं हा प्रश्न येतो. गंगासागरनं विचारलं नाही. तिनं नुसतं बघायचं ठरवलं. एकदा बघायला लागलं की माणसाला काय काय दिसतं!

*

गुरुवार. मे महिना. सकाळचे अकरा.

छत्रपती संभाजीनगरहून जाई नावाची मुलगी दोन कॅमेरे आणि एक मोठा मायक्रोफोन घेऊन आली होती. तिच्या कार्यक्रमात बँड यायचे आणि आपल्या गाण्यांमागच्या गोष्टी सांगायचे. दोन लाख लोक बघत. बघणाऱ्यांत अख्खा धारूर असणार, हे सांगायला नको.

“पंखा बंद करावा लागेल,” जाई म्हणाली. “घरघर येते.”

“मग दार उघडं ठेवा,” सर्जेराव म्हणाला. “न्हाईतर गाण्यामागच्या गोष्टीत आमचं मरण बी येईल.”

पंखा बंद झाला, दार उघडं राहिलं. दारातून संस्थेची पायरी दिसत होती. सिमेंटची, मधे थोडी खचलेली. गंगासागरनं या पायरीवरून हजारदा ये-जा केली असेल. आज ती तिच्यावर पाय न देता लांब ढांग टाकून आत आली होती, आणि शहादेवनं ते बघितलं होतं. त्यानं बघितलं हे तिनंही बघितलं होतं.

पहिलं गाणं: साडेसातशे फूट

कॅमेऱ्यासमोर सर्जेराव:

“आमच्या आबानं बोअर घेतला. पाचशे फूट, फुफाटा. सहाशे, फुफाटा. साडेसातशेला मशीनवाला म्हणाला, आबा, अजून खाली गेलो तर पलीकडून बाहेर निघू. आबा म्हणले, पलीकडं पाणी हाय का? हाय म्हणला असता तर चल म्हणले असते! तर त्या मशीनचा जो आवाज होता ना, धग-धग-धग, तोच ह्या गाण्याचा बास हाय. मी काय वेगळं वाजवत न्हाई. मी बोअरच घेतो.”

जाई खदखदून हसली. शहादेव हसला नाही.

“सगळं सांग की,” तो म्हणाला.

“सगळंच सांगितलं.”

“पाणी लागलं होतं, ते?”

सर्जेरावनं मान खाजवली. “ते… शेजारच्या विठ्ठलरावाला लागलं. आमच्यापास्नं पन्नास फुटांवर. आबानं जागा बदलली होती आयत्या वेळी. पाणी दाखवणारा पानाड्या म्हणला इथंच घ्या, तर आबा म्हणले, तुला काय कळतंय.” तो कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, “ताई, हे कापा. आबा बघतात तुमचा कार्यक्रम.”

“का कापायचं?” शहादेव म्हणाला. “गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगायची. न्हाईतर गाणंच बरं हाय की.”

तीन वर्षं गोष्ट नाही म्हणणारा माणूस आज पूर्ण गोष्ट सांगा म्हणत होता. गंगासागरनं काड्या मांडीवर ठेवल्या.

मधे

जाई बॅटरी बदलत होती. शहादेव फळ्याकडं गेला. रेकॉर्डिंगला कुठलं गाणं कितव्या नंबरला, हे तो नेहमी फळ्यावर लिहायचा. जुना संस्थेचा फळा. वर पिवळ्या रंगात ‘सभासदांसाठी सूचना’ असं रंगवलेलं अजून दिसायचं. त्यानं ‘साडेसातशे फूट’ वर लिहिलं, ‘सतरा कॅन’ त्याच्याखाली लिहिलं, आणि ‘सांडलं’ लिहायला खाली वाकला. डावा कोपरा. पांढरट जागा.

“तू नेहमी तिथंच का लिहितोस ते?” गंगासागरनं विचारलं.

“कुठं?”

“कोपऱ्यात.”

“जागा असते म्हणून.”

सगळा फळा मोकळा होता. तिनं फळ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तो खडू खिशात घालून निघून गेला. खडू कोण खिशात घालतं?

त्याचा मोबाइल कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरला जोडलेला होता. रेकॉर्डिंगला स्पीकर कशाला लागतो, हे तिला कळेना. ती पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्तानं तिकडून गेली. स्क्रीन चालू होता. आवाजाच्या तीन फायली, एकाखाली एक.

शेटे अप्पा १
शेटे अप्पा २
शेटे अप्पा ३

म्हणजे दोन बुधवार आणि एक रविवार.

तिच्या डोक्यात सगळं खटाखट बसलं. हा दुकानात गेला, गोड बोलला, अप्पांना बोलतं केलं आणि गुपचूप टेप केलं. अप्पा साधे. ‘काय रे बाबा, कसा आहेस, गूळ देऊ का’ करणारे. आज दोन लाख लोकांसमोर तो ते वाजवणार. अप्पा काहीतरी बोलून गेले असणार, एखादा शब्द, एखादी शिवी, आणि मग झालं. शेट्यांचं नाव हिवरदऱ्याच्या पायरीवर ओतलं जाणार. दहा वर्षांनी फिटंफाट.

“गंगे, काय झालं?” सर्जेरावनं विचारलं. “तोंड असं कावून केलंस? चूक धरल्यासारखं?”

“उकडतंय,” ती म्हणाली.

दुसरं गाणं: सतरा कॅन

कॅमेऱ्यासमोर गंगासागर:

“मी ड्रम शिकले ते दुधाच्या रिकाम्या कॅनवर. ह्याच इमारतीत. सतरा कॅन होते. चाळीस लिटरचे, वीसचे, एक दहाचा. प्रत्येकाचा आवाज वेगळा. दुपारी गाडी दूध घेऊन गेली की कॅन धुऊन उपडे घालायचे, आणि मग मी बडवायचे. शाळेतनं आले की हेच.”

“इथं तुम्हाला येऊ कसं देत?” जाईनं विचारलं.

गंगासागरनं काडी बोटांत फिरवली. माझे वडील इथं कामाला होते, एवढं म्हणायचं होतं. पाच शब्द.

“ओळखीचे होते,” ती म्हणाली.

शहादेवनं मान वर केली. “ओळखीचे?”

आवाज अगदी हळू होता. पण थर्माकोलच्या खोलीत हळू बोललेलंही नीट ऐकू येतं. तिनं काडी झांजेवर आपटली, मुद्दाम नव्हे असं दाखवत.

“सॉरी,” ती जाईला म्हणाली. “परत घेऊ या का?”

“नाही, छान होतं,” जाई म्हणाली.

बँडचं आणि सहकारी संस्थेचं एक सारखंच असतं. सगळ्यांच्या नावाची पाटी एक, आणि प्रत्येकाच्या मनातलं वेगळं.

तिसरं

जाईनं कॅमेरा शहादेवकडं वळवला. “आता ज्याची सगळे वाट बघतायत. ‘सांडलं’. तुम्ही आजवर कुठंही सांगितलं नाही, की हे गाणं आलं कुठून.”

शहादेवनं घसा खाकरला. एक हात मोबाइलकडं गेला.

“हे गाणं,” तो म्हणाला, “तेरा साली—”

“मी सांगते,” गंगासागर म्हणाली.

तो वळला. सर्जेराव वळला. जाईनं कॅमेरा फिरवला. तिला भांडणाचा वास येतो, तिचं कामच ते.

“तू?” शहादेव म्हणाला. “तुला माहीत हाय?”

“सगळं माहीत हाय.” तिनं कॅमेऱ्याच्या भिंगात बघितलं. आठवडाभर घोळवलेलं तोंडपाठ झालं होतं. “तेरा साली मोठा दुष्काळ होता. चारा नव्हता, दूध आटलं होतं. अशा वेळी काही लोक दुधात पाणी घालायचे. प्यायला पाणी नव्हतं, पण दुधात घालायला होतं. गावातल्या एका बाईनं घातलं. संस्थेत तपासणारा माणूस होता, त्यानं ते पकडलं आणि नियमाप्रमाणं ओतून दिलं. त्याचं कामच होतं ते. त्याच्यावर हे गाणं आहे. पण गाणं ऐकून वाटतं की चूक तपासणाऱ्याचीच होती. तसं नव्हतं. एवढंच.”

तिनं कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. पण हिवरदऱ्यात दुधाचं नाव काढलं की बाईचं नाव लोक आपोआप लावतात.

दारात भांडं वाजलं.

शहादेवच्या आई, केशरबाई, उभ्या होत्या. एका हातात कोऱ्या चहाची किटली, दुसऱ्या हातात पाच कप एकात एक घातलेले. निळं लुगडं, कपाळ कोरं. घरनं इथवर उन्हात चालत आलेल्या. किती वेळ उभ्या होत्या, ते कळायला मार्ग नव्हता. पण कप एकमेकांवर वाजत होते.



शहादेवनं आईकडं बघितलं, मग गंगासागरकडं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग तिच्या हिशेबात बसत होता. तो गोंधळलेला दिसत होता.

“त्यांनी तुला सांगितलं न्हाई?” तो म्हणाला.

“कुणी?”

“अप्पांनी. रविवारी मला म्हणले, आधी पोरीला मी सांगतो, मग तू वाजव. मला वाटलं, चार दिवस झाले, सांगितलं असंल.”

सोमवार. उंबरा. ‘जेवलीस का?’

त्यानं मोबाइलवर बोट ठेवलं. स्पीकरमधून आधी दुकानाचा आवाज आला, बाहेर एसटीचा हॉर्न, आणि मग तिच्या बापाचा आवाज. दुकानात कधी येत नाही तेवढा बारीक.

*“चालू हाय का ते?… बरं. मी विरुपाक्ष शेटे. हिवरदऱ्याच्या संस्थेत दूध तपासायला होतो. तेरा सालची गोष्ट हाय. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती. छावणीतलं दूध लोक तिथंच खासगी गाडीला घालायचे. ती गाडी काय तपासत न्हवती. केशरबाई ओव्हाळ तेवढ्या छावणीतनं पायी दूध घेऊन संस्थेत यायच्या. मी म्हणलं, बाई, एवढं कावून चालता? तर म्हणल्या, मी सभासद हाय, माझं दूध संस्थेलाच. नंबर एकसष्ट. दाखला भिंतीला लावला होता त्यांनी, काच घालून.”*

कपांचा आवाज थांबला होता.

*“तर त्या दिवशी दुधात काचेची नळी सोडली, लॅक्टोमीटर. अठ्ठावीस डिग्री लागायला पाहिजे. लागली पंचवीस. मी म्हणलं, पाणी. दुसरं काय माझ्या डोक्यातच आलं न्हाई. बौद्धवाड्यातनं दूध घालणाऱ्या त्या एकट्याच होत्या, म्हणून बी आलं नसंल. ते बी खरं बोलायला पाहिजे. त्या म्हणल्या, अप्पा, पाण्याच्या टँकरला मी आठ दिवसाला एक घागर बघते, तुमच्या दुधात कुठनं घालू? मी ऐकलं न्हाई. ओतलं पायरीवर. नाव फळ्यावर लिहिलं, भेसळ म्हणून. सात दिवस ठेवायचा नियम.”*

एसटी सुटल्याचा आवाज. मग एका बाईचा आवाज, लांबून. मग अप्पा:

*“अर्धा किलो का?… हां, घ्या… पिशवी आणली न्हाई का?… तर. तिसऱ्या दिवशी जनावराचे डॉक्टर आले संस्थेत. मी सहज बोललो. ते हसले. म्हणले, जनावर नुसत्या उसावर असलं की दूध पातळच उतरतं, त्यात पाण्याचा काय संबंध? हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. नाव फळ्यावर सात दिवस राहिलं. मधले चार दिवस फडकं माझ्याच हातात होतं.”*

*“एवढंच,”* अप्पा म्हणाले, आणि मग शहादेवला, *“बंद कर आता.”*

बंद झालं.

सर्जेराव आपल्या बासच्या तारांकडं बघत होता, जणू तिथं काही लिहिलंय. जाईनं कॅमेऱ्यावरचा हात काढला नव्हता. लाल दिवा चालूच होता.

“पहिल्या दोन बुधवारी त्यांनी नुसते गुळाचे भाव सांगितले,” शहादेव म्हणाला, कुणाला म्हणून नाही. “एक, दोन, ऐकायच्या असल्या तर ऐका. गूळच हाय. तिसऱ्यांदा गेलतो तवा आपणहून बोलले.”

“मला वाटलं,” गंगासागर म्हणाली. काय वाटलं हे सांगायचं तर आठवडाभराचं सगळं सांगावं लागलं असतं: निळी मोटरसायकल, खिशातला खडू, कोपरा. आणि ते सांगताना ते सगळं किती साधं होतं हे तिचं तिलाच ऐकू आलं असतं.

“तुमचं बोललेलं मी कापते,” जाई हळूच म्हणाली. “त्यात काही नाही. एका मिनिटाचं काम आहे.”

“कावून?” केशरबाई म्हणाल्या.

त्या आत आल्या. किटली स्पीकरच्या शेजारी ठेवली. कप एकेक करून सुटे केले.

“र्‍हाऊ द्या की. पहिल्या टायमाला कुणी कापलं न्हवतं.”

त्या चहा ओतायला लागल्या. कोरा चहा, लाल, वाफाळता. हा कोरा चहा गंगासागरला तीन वर्षं खटकत आला होता: आपल्याला दुधाचा का देत नाहीत? आत्यांचं बोलणं ऐकल्यावर तर तो टोमणाच आहे, अशी तिची खात्री झाली होती.

“मावशी,” ती म्हणाली. “तुम्ही दूध—”

“म्हैस इकली त्याच वर्षी. पिशवीतलं मला आवडत न्हाई, वास येतो प्लॅस्टिकचा.” केशरबाईंनी कप तिच्यापुढं धरला. “घे.”

तिनं घेतला. एवढं साधं होतं.

मग ती उठली आणि फळ्यापाशी गेली. तिथं उभं राहून काय करायचं होतं ते तिला माहीत नव्हतं. फडकं खिळ्याला लटकलेलं होतं. कोपऱ्यात शहादेवच्या अक्षरात ‘सांडलं’, आणि त्याच्याखाली जुना पांढरट डाग. ओलं असताना लिहिलं की खडू असा बसतो. फळ्याचा रंगच खातो. तिला बापाचं अक्षर माहीत होतं. डोळे बारीक केले तर ‘के’ची वरची मात्रा अजून दिसत होती, दुकानाच्या पाटीवर ‘किराणा’च्या ‘कि’ची वेलांटी असते तशीच वळणदार.

“इथं नाव होतं,” ती म्हणाली.

“हां,” शहादेव म्हणाला.

“म्हणून तू इथं—”

“दुसरं कुणी तिथं काय लिहू नये, म्हणून.” त्यानं खिशातून खडू काढला आणि परत खिशात घातला. “गाणं बोलायला लागलं ते ह्याच खोलीत आल्यावर. तू पहिल्या दिवशी कॅन शोधत होतीस. आठवतं? म्हणत होतीस, सतरा होते, सतरा होते. मी फळा बघत होतो.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार गं? तुझ्या बापानं माझ्या आईचं दूध ओतलं, चल आता आपण बँड काढू?”

सर्जेरावला हसू फुटलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला आणि ठसका लागला. केशरबाईंनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, जरा जोरातच.

गंगासागर आपल्या जागी येऊन बसली. ड्रमवर नाही, ड्रमच्या पुढं, खाली, सिमेंटवर.

“चालू आहे का कॅमेरा?”

“बंदच केला नाही,” जाई म्हणाली.

“माझं आधीचं कापू नका. त्याला जोडून हे लावा.” तिनं कप बाजूला ठेवला. “मी गंगासागर विरुपाक्ष शेटे. कॅन मला वाजवायला मिळाले, कारण इथं माझे वडील होते. मगाशी मी ‘सांडलं’ची जी गोष्ट सांगितली, ती मी ऐकलेली होती, विचारलेली नव्हती. घरातच विचारायचं होतं. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यात एक उंबरा आहे फक्त. त्या बाईनं पाणी घातलं नव्हतं.”

केशरबाई दाराच्या चौकटीला टेकून चहा पीत होत्या, बाहेर पायरीकडं बघत.

“आता नाव घे की,” त्या म्हणाल्या, न वळता.

“मावशी?”

“फळ्यावर नाव होतं न्हवं? पुरं होतं. नुसतं ‘त्या बाईनं’ न्हवतं लिहिलेलं तुझ्या बापानं.”

गंगासागरनं भिंगात बघितलं. दोन लाख. अख्खा धारूर. सुंदरबाई आत्या, जिलबी नको म्हणणाऱ्या. आणि दुकानात गल्ल्यावर बसलेले अप्पा, ज्यांना आज घरी गेल्यावर पहिल्यांदा ती विचारणार होती, आणि ज्यांनी तिला आधी सांगितलं असतं तर ती आज मगाचं बोलली नसती, आणि जे सोमवारी तेच सांगायला उंबऱ्यापर्यंत येऊन नुसतं ‘जेवलीस का’ म्हणून परत गेले होते.

“केशरबाई जालिंदर ओव्हाळ,” ती म्हणाली. “सभासद नंबर एकसष्ट.”

“हां,” केशरबाई म्हणाल्या, आणि उरलेला चहा पायरीवर फेकून आत आल्या. “आता वाजवा काय वाजवायचं ते. अन् दार लावा, गावाची झोप मोडंल.”

गंगासागर ड्रममागं गेली. काड्या हवेत एकमेकींवर चारदा वाजवल्या.

*

ज्या सकाळी ते दूध ओतलं, त्या सकाळपर्यंत केशरबाईंची म्हैस छावणीत सदतीस दिवस नुसत्या उसावर होती.